स्वादुपिंडाचा कौल

प्रफुल्ल कुंभलकरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं. भाजी करपलेली असो, भाताचा गिचका झालेला असो, की लग्नाच्या पंगतीतली कढी पाण्यासारखी असो, पहिला घास तोंडात गेला की त्यांची मान डुलायची आणि 'वा, फक्कड!' हे उद्गार आपोआप बाहेर पडायचे. या गुणामुळे नागपुरातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांत त्यांना फार मागणी होती. नवी सून पहिल्यांदा स्वयंपाक करणार असली की आधी प्रफुल्लरावांना बोलावणं जायचं, म्हणजे पोरीचा धीर खचू नये.

अशा माणसाच्या मनगटावर खरं बोलणारा दिवा बसवावा, हा विज्ञानाचा निव्वळ चावटपणा म्हणायचा.

झालं असं, की वीजखात्यातून निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात प्रफुल्लरावांच्या पित्ताशयातला एक खडा वाट चुकला आणि स्वादुपिंडाच्या नळीत जाऊन अडकला. त्या दुखण्यातून जीव वाचला, पण स्वादुपिंड गेल्यात जमा झालं. गोळ्यांवर आणि भाताच्या पेजेवर दिवस काढताना माणूस निम्मा झाला. तेव्हा डॉक्टर तनया बुरडकर या तरुण बाईंनी त्यांना आपल्या नव्या प्रयोगात घेतलं. प्रफुल्लरावांच्याच कातडीतून घेतलेल्या पेशींना प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या पेशी बनवायचं, त्यांची रुपयाच्या नाण्याएवढी चकती वाढवायची आणि ती पोटात बसवायची, असा तो प्रयोग होता. शस्त्रक्रिया झकास झाली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी प्रफुल्लरावांना कपडे बदलायला पाठवलं आणि त्यांच्या पत्नीला, रजनीताईंना, समोर बसवून घेतलं.

"काकू, दिवाळीचा फराळ घरी करता न तुम्ही?"

"करते न. सगळं घरीच. का?"

"केल्याकेल्या सगळा पाहुण्यांपुढे ओतता का?"

"ओतते कशाला? डबे भरून ठेवते. कोणी आलं की उघडते."

"अगदी तेच स्वादुपिंडाची पेशी करते," डॉक्टर म्हणाल्या. "अन्न पचवणारे रस ती आधीच तयार करते, पण सोडत नाही. इवल्याइवल्या पिशव्यांत भरून, बंद करून, दाराशी रचून ठेवते. शिवाय भरताना त्या रसांना झोपवून भरते. कारण ते मांस पचवणारे, आणि पेशी स्वतःही मांसाचीच. ते आतड्यात पोचले की मगच तिथे त्यांना जाग येते. काकांच्या बाबतीत ते डब्यातच जागे झाले आणि घरच खाऊन बसले."

रजनीताईंच्या अंगावर काटा आला. "मग आता डबे उघडणार कोण?"

"हुकूम येतो. तोही दोन ठिकाणांहून. पहिला डोक्यातून. ताट दिसलं, वास आला, नुसतं कोणी नाव काढलं, तरी मेंदूकडून पोटाकडे जाणारा एक मज्जातंतू आहे, तो वर्दी देतो. मग पेशीत कॅल्शियमची लाट उठते, डबे सरकत सरकत काठाच्या पडद्याला चिकटतात आणि उघडतात. दुसरा हुकूम आतड्याचा. अन्न खाली उतरलं की तिथून एक संप्रेरक रक्तात मिसळतं, ते उरलेले डबे उघडायला लावतं. नव्या चकतीला मज्जातंतू जोडलेला नाही, म्हणून काकांच्या मानेत एक बारीक यंत्र बसवलंय. ते मज्जातंतूवर कान ठेवून असतं आणि पहिला हुकूम चकतीला कळवतं. आणि हा मनगटावरचा पट्टा आपल्यासाठी. आतड्याच्या हुकमाने डबे उघडले तर दिवा पिवळा, डोक्याच्या हुकमाने उघडले तर हिरवा."

"म्हणजे मनापासून खावंसं वाटलं की हिरवा?"

"बरोबर. आणि हिरवाच महत्त्वाचा. या पेशी नव्या आहेत, शिकाऊ आहेत. पहिल्या हुकमावर उघडायची सवय त्यांना याच दोन महिन्यांत लागायला हवी. नाही लागली तर डबे साठत जातील, आणि साठलेले डबे कधी आत फुटतील याचा नेम नाही. ती वेळ मी येऊ देणार नाही. त्याआधीच चकती काढून घेईन. मग जन्मभर मूठभर कॅप्सूल आणि पेज."

"हिरवा दिवा लागायला काय करायचं?"

"काही नाही. काकांना मनापासून आवडतं ते खाऊ घाला, थोडं थोडं."

रजनीताई मोकळेपणाने हसल्या. एवढंच ना! बत्तीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? माहेरी आणि सासरी मिळून अख्ख्या खानदानात त्यांच्या हाताला तोड नव्हती, आणि याचा सगळ्यात मोठा साक्षीदार तर आत पायजम्याची नाडी बांधत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी सांबारवडी केली. हिवाळा होता, बाजारात कोवळा सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आला होता. निवडून, धुऊन, पंच्यावर वाळवून, खसखस-खोबऱ्याचं सारण घालून त्यांनी नाजूक पुड्या वळल्या आणि बेताच्या तेलात तळल्या. जोडीला कढी आणि वडाभात. ताट प्रफुल्लरावांच्या पुढ्यात ठेवून त्या नेहमीसारख्या टेबलाच्या कोपऱ्याशी उभ्या राहिल्या. नवरा जेवत असताना बसायची त्यांची पद्धत नव्हती. बसलं तर वाढणार कोण, आणि चेहरा कसा दिसणार?

प्रफुल्लरावांनी वडी मोडली, तोंडात टाकली, मान डुलवली.

"कसं झालं?" रजनीताईंनी विचारलं.

"वा! फक्कड!"

दोघांचीही नजर मनगटाकडे गेली. दिवा काळाठिक्कर होता.

"अजून थोडी घ्या न. कढीत बुडवून."

"घेतो न. वा! क्या बात है!"

दिवा ढिम्म. रजनीताईंनी पट्ट्याची काच पदराने पुसली. मग हात धरून हलवून पाहिला. जेवण संपून बराच वेळ झाल्यावर तिथे मरतुकडा पिवळा उजेड आला. आतड्याने आपलं कर्तव्य म्हणून तेवढी हजेरी लावली होती.

"बिघडला असेल," प्रफुल्लराव खाली मान घालून म्हणाले.

"बिघडलाच असेल," रजनीताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा तंत्रज्ञ घरी येऊन पट्टा तपासून गेला. पट्टा अगदी ठणठणीत होता.

मग रजनीताई पेटल्या. गोळाभात झाला, पातोडीची भाजी झाली, पुरणपोळीची अर्धी कोर झाली, संत्र्याची बर्फी झाली. वाफेत केलं, भाजून केलं, चुलीवरच्या चवीसाठी गच्चीत शेगडी पेटवली, तेव्हा इमारतीतल्या धुराच्या यंत्राने बोंब ठोकली आणि अग्निशमनवाले येऊन गोळाभात खाऊन गेले. त्यांना तो इतका आवडला की पत्ता लिहून घेतला. प्रफुल्लराव दर घासाला 'फक्कड' म्हणत, आणि दिवा दर घासाला त्यांना खोटं पाडत असे. पुढेपुढे ते जेवताना शर्टाची बाही मनगटावर ओढून घ्यायला लागले. रजनीताई ती वर सरकवायच्या. रोजचं जेवण म्हणजे दोघांनाही शिक्षा झाली.

रजनीताईंना रडू यायचं ते एका गोष्टीचं नाही, दोन गोष्टींचं. नवऱ्याचं वजन पुन्हा उतरायला लागलं होतं, ही भीती होतीच. पण त्याच्या खाली एक दुसरी कळ होती आणि ती त्यांना कुणाला सांगताही येत नव्हती. बत्तीस वर्षांतले ते सगळे 'फक्कड' गेले कुठे? त्यातला एक तरी खरा होता का?

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी बंगाली मिठाईचा डबा आला, मग चुलतसासूंचं लोणचं आलं. प्रत्येकाला वाटायचं, दिवा आपल्याच हाताने लागणार. आणि एका रविवारी विनाचालक ऑटोतून, मांडीवर मोठा स्टीलचा डबा घेऊन, ज्योत्स्नाबाई उतरल्या.

ज्योत्स्नाबाई म्हणजे रजनीताईंच्या मोठ्या जाऊबाई. दोघींचं वैर नव्हतं. वैर परवडलं असतं. दोघी एकमेकींशी फार गोड बोलायच्या. ज्योत्स्नाबाईंच्या पाटवडी-रश्शाची कीर्ती वर्ध्यापर्यंत गेलेली होती, आणि प्रफुल्लराव दर खेपेला तो रस्सा भुरकून 'फक्कड' म्हणत आलेले होते. तेवढ्याच जोरात.

"म्हटलं, भाऊजींना एकदा माझ्या हातचं देऊन पाहू," ज्योत्स्नाबाई डबा उघडत म्हणाल्या. "तुझं वाईट असतं असं नाही हो रजनी. पण कधी कधी रोजच्या चवीचा कंटाळा येतो न माणसाला."

रश्शाचा तांबडा तवंग वाटीत उतरला. खोबऱ्याचा, खसखशीचा वास घरभर सुटला. रजनीताई कोपऱ्याला टेकून उभ्या होत्या. दिवा लागला तर नवरा वाचणार होता, आणि पुढच्या सगळ्या लग्नकार्यांत ज्योत्स्नाबाई तेच सांगत फिरणार होत्या. नाही लागला तर अब्रू वाचणार होती, पण नवरा? देवा, लागू दे, त्या मनात म्हणाल्या. आणि लगेच, त्यांच्या नकळत, मनाच्या मागच्या दारातून दुसरी प्रार्थना निघाली.

ज्योत्स्नाबाई पुढे वाकल्या. "कसा झालाय, भाऊजी?"

"वा वहिनी! फक्कड!"

दिवा लागला नाही.

रजनीताईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. तसं उतरलं म्हणून त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी जाऊबाईंना आग्रह करकरून चहा, चिवडा, वर डब्यात सांबारवडी, असं सगळं दिलं.

दोन महिने संपत आले. तपासणीचा दिवस चार दिवसांवर होता. त्या दिवशी घरूनच डबे घेऊन यायचं, इस्पितळात सगळ्यांसमोर खायचं आणि दिव्याने काय ते ठरवायचं, असं ठरलेलं होतं. हिरवा लागला नाही तर त्याच आठवड्यात चकती काढायची.

अशात गच्चीत कपडे वाळत घालताना समोरच्या इमारतीतल्या घोडेस्वार मॅडमनी हाक मारली.

"रजनीताई, अभिनंदन हो!"

"कशाबद्दल?"

"साहेबांचा दिवा! छान हिरवागार लागतो आजकाल. सकाळी ते पेपर वाचत बसतात न खिडकीशी, तेव्हा मला माझ्या बाल्कनीतून रोज दिसतो."

रजनीताईंच्या हातातला टॉवेल तारेवर तसाच लटकत राहिला. सकाळी? पेपर वाचताना? त्या वेळी तर यांच्यापुढे खायला काहीच नसतं! नाश्त्याचं सूप केव्हाच संपलेलं असतं, जेवणाला अवकाश असतो. रजनीताई आत ओट्याशी आपलं आपलं काहीतरी उरकत असतात, आणि हे बाहेर एकटेच खिडकीशी. खिडकीसमोर बाल्कनी. बाल्कनीत घोडेस्वार मॅडम, योगासनं करत.

त्या तडक घरात आल्या, दार लावलं आणि डॉक्टर तनयांना फोन लावला.

"डॉक्टर, तो दिवा फक्त खायच्याच इच्छेने लागतो न? म्हणजे... माणसाला इतरही इच्छा असतात."

 पलीकडे डॉक्टर खोकल्या. "नाही काकू. स्वादुपिंडाला इतर कशात रस नसतो. फक्त खाणं."

"नक्की?"

"नक्की. पण एक सांगते. मन मोकळं असलं की हा मज्जातंतू चांगलं काम करतो. ताण असला की गप्प बसतो. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या तोंडाला कोरड पडते न, तसं. काकांना जेवताना कसला ताण असतो का?"

"ताण? माझ्या घरात? जेवताना?" रजनीताई म्हणाल्या. "मी समोर उभी असते न बाई त्यांच्या. प्रत्येक घासाला."

डॉक्टर काही बोलणार होत्या, पण रजनीताईंचं डोकं केव्हाच पुढे धावलं होतं. खाणंच, तर खाणं! म्हणजे घोडेस्वार मॅडमच्या घरातून कसला तरी वास येत असणार. आयुष्यात पहिल्यांदा त्या शेजारणीकडे पाककृती मागायला गेल्या. पायऱ्या चढताना अभिमान एकेक पायरीवर ठेवत गेल्या म्हणा ना.

"मी?" घोडेस्वार मॅडम चकित झाल्या. "सकाळी? मी तर ओट्स खाते. पाण्यात शिजवून."

"मीठ घालता?"

"नाही. रक्तदाब आहे न मला."

रजनीताईंनी पाण्यात शिजवलेले अळणी ओट्स प्रफुल्लरावांपुढे ठेवले. प्रफुल्लरावांनी वाटीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि परंपरेला जागून म्हणाले, "वा, फक्कड!" दिवा अर्थातच लागला नाही. पण रजनीताईंच्या संतापाचा भडका उडाला.

"सकाळी पेपर वाचताना काय असतं? दिवा लागतो म्हणे! कसली आठवण येते तुम्हाला? कोणाची येते?"

प्रफुल्लरावांचा चेहरा पडला. बाही पुन्हा मनगटावर ओढली गेली. "काही नाही गं. पेपरात... समोशाची जाहिरात असते."

"रोज?"

"रोजच असते. मोठी कंपनी आहे."

रजनीताईंनी समोसे केले. पुढे सांगायला नकोच.

तपासणीच्या दिवशी रजनीताई पहाटेपासून ओट्याशी होत्या. शेवटची संधी होती. सांबारवडी, गोळाभात, बदामाचा शिरा, असा तीन पुड्यांचा डबा भरला. सूप प्यायलेले प्रफुल्लराव तयार होऊन बाहेर बसले होते. निघता निघता रजनीताईंनी आपल्यासाठीही एक चपटी डबी पिशवीत टाकली. स्वतःसाठी काय न्यायचं, याचा विचार त्यांना कधीच करावा लागत नसे.

इस्पितळाच्या खोलीत डॉक्टर तनया, दोन शिकाऊ डॉक्टर आणि, कुणी बोलावलं देव जाणे, पाटवडीच्या डब्यासह ज्योत्स्नाबाई हजर होत्या. खिडकीच्या काचा ऊन पाहून आपोआप काळ्या झाल्या, त्यामुळे मनगटावरचा विझलेला दिवा आणखीच ठळक दिसायला लागला. रजनीताईंनी एकेक पुडा उघडला. प्रफुल्लरावांनी एकेक घास घेतला. "कसं झालं?" या प्रश्नाला एकेक 'फक्कड' मिळाला. पाटवडीलाही मिळाला. खोलीत इतके सुंदर वास दरवळत होते, की शिकाऊ डॉक्टरांचे आवंढे गिळलेले ऐकू येत होते. एकाने तर न राहवून खिशातला रुमाल तोंडाला लावला. त्या खोलीत फक्त एकाच स्वादुपिंडाचा संप चालू होता.

"सॉरी, काका," डॉक्टर तनया शेवटी म्हणाल्या. "डबे फार साठलेत. एखादेवेळी थोडे उघडतात, पण जेवताना नाही. आता थांबणं धोक्याचं आहे. परवा सकाळी चकती काढू."

प्रफुल्लरावांनी मान हलवली. त्या क्षणीसुद्धा त्यांना वाटलं, डॉक्टरांना वाईट वाटू नये. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "पेजही चांगली लागते."

रजनीताई भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या. पहाटेपासून पोटात काही नव्हतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"काकू, तुम्ही काही खाल्लंय का? पांढऱ्याफटक पडलात," डॉक्टर म्हणाल्या. "आधी काहीतरी खा."

"आहे माझं माझ्याजवळ," रजनीताई पुटपुटल्या. त्यांनी सगळ्यांकडे पाठ केली, पिशवीतून ती चपटी डबी काढली आणि मांडीवर ठेवून हळूच झाकण उघडलं.

"मॅडम!" शिकाऊ डॉक्टर ओरडला. "हिरवा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रफुल्लरावांच्या मनगटावर सिग्नलसारखा हिरवागार दिवा लागला होता आणि प्रफुल्लराव तो दुसऱ्या हाताने झाकायची धडपड करत होते.

दचकून रजनीताईंनी झाकण बंद केलं. दिवा मंदावत गेला.

"काकू, उघडा," डॉक्टर म्हणाल्या.

"नको. ते आपलं माझ्यापुरतं आहे."

"उघडा म्हणते न!"

झाकण उघडलं. हिरवा.

"झाका." मंद.

"उघडा." हिरवा. बोटांच्या फटींतून बाहेर येणारा, लख्ख, बेशरम हिरवा.

"आहे काय त्यात?" ज्योत्स्नाबाईंनी मान लांब केली.

रजनीताईंचे कान लाल झाले. डॉक्टरांपुढे, परक्या पोरांपुढे आणि मुख्य म्हणजे जाऊबाईंपुढे! "कुस्करा आहे," त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "कालच्या पोळ्यांचा. उरतात रोज दोन-तीन. टाकवत नाहीत. मग सकाळी मी हाताने कुस्करते, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी देते, वरून लिंबू, सांबार. ओट्याशी उभ्यानेच खाऊन घेते, हे बाहेर पेपर वाचत असतात तेव्हा." आणि हे वाक्य तोंडातून निघता निघताच त्यांचं त्यांना उमगलं. "अगं माय!"

शिळं म्हणजे खाणं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोन महिन्यांत त्यांनी पुरणपोळीपासून शेजारणीच्या ओट्सपर्यंत सगळं करून पाहिलं, पण जे रोज त्यांच्या हातून होत होतं ते त्यांनी पदार्थांत धरलंच नव्हतं. घरच्या माणसाच्या ताटात शिळं वाढायचं नाही, आणि बाईने ते वाया घालवायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही मागितलं का नाही कधी?" त्यांचा आवाज चढला. "बत्तीस वर्षं! मरायची पाळी आली तरी?"

प्रफुल्लरावांनी मनगटावरचा हात काढला. आता झाकण्यात अर्थ नव्हता. "कसं मागायचं, रजनी? तू एवढं खपून चार पदार्थ करायची, आणि मी म्हणायचं की हे नको, ते शिळं दे? तुला काय वाटलं असतं? आणि लग्नानंतर एकदा मी पाणी प्यायला आत आलो होतो. तू ओट्याशी उभी राहून खात होती. इतक्या चवीने खात होती! मला पाहून ताटली पदराखाली घेतली. मला वाटलं, दिवसभरात हिचं स्वतःचं असं एवढंच आहे. तेही आपण मागायचं का? तेव्हापासून नुसता वास घेत बसतो. पेपर आपला हातात धरायला."

तेवढ्यात ज्योत्स्नाबाई बोलल्या, आणि तेही अगदी खालच्या पट्टीत. "मीही उभ्यानेच खाते," त्या म्हणाल्या. "मी दही घालते त्यात."

डॉक्टर तनयांनी खुर्ची ओढून प्रफुल्लरावांजवळ ठेवली. "काकू, इथे बसा. उभं राहायचं नाही. आणि ती डबी काकांना द्या."

रजनीताई बसल्या. नवऱ्याच्या शेजारी, जेवणाच्या वेळी, खुर्चीवर. त्यांना हात कुठे ठेवावे ते कळेना. प्रफुल्लरावांनी चमचा भरून घास घेतला. डोळे मिटून, सावकाश, दाण्याचा एकेक तुकडा शोधत चावला. पडद्यावर चकतीचा आलेख भराभर वर चढत होता. दोन महिने कडीकुलपात पडलेले डबे धडाधड उघडत होते.

न विचारायचं रजनीताईंनी मनाशी ठरवलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय.

"कसं झालंय?"

प्रफुल्लरावांचा घास थांबला. मान डुलायला लागली, ओठ 'फ'साठी जुळले, आणि मनगटावरचा हिरवा उजेड फडफडून मंद झाला.

"काका," डॉक्टर घाईघाईने म्हणाल्या, "खरं बोला."

प्रफुल्लरावांनी बायकोकडे पाहिलं. मग दिव्याकडे. मग पुन्हा बायकोकडे. एकसष्ट वर्षांच्या त्या माणसाच्या कपाळावर घाम आला.

"मीठ," ते म्हणाले, "कमी आहे."

ज्योत्स्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. शिकाऊ डॉक्टर दारापर्यंत मागे सरकले. दिवा मात्र असा लखलखला की सगळ्यांचे चेहरे हिरवे दिसायला लागले.

रजनीताईंनी डबी ओढून घेतली आणि घासभर कुस्करा तोंडात टाकला. खरंच मीठ कमी होतं. कमी कसलं, जवळजवळ नव्हतंच. इतकी वर्षं नवऱ्याच्या, मुलांच्या, पाहुण्यांच्या भाजीचं मीठ त्यांनी तीनतीनदा चाखून पाहिलं होतं. आपल्यापुरतं करताना चाखायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सुचलंही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. पण बत्तीस वर्षांनी नवऱ्याने पहिल्यांदा काढलेली ही खोट त्यांना त्याच्या सगळ्या 'फक्कड'पेक्षा गोड लागली, हेही तितकंच खरं.

"उद्यापासून चाखून बघत जाईन," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून दुसरा चमचा काढला आणि त्याच डबीत, नवऱ्याच्या शेजारी, खाली बसून जेवायला लागल्या.